पुंजाजीभाऊंची गरमी

पुंजाजीभाऊ आचारी होते, पण स्वयंपाकाची चव त्यांनी जिभेनं घेतलेली मी कधी पाहिली नाही. कढईत पाच-सातशे माणसांची वांग्याची भाजी रटरटत असायची. ते झाऱ्यावरचा एक थेंब डाव्या मनगटावर टाकायचे, मनगट नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आनखी एक मूठ मीठ." मूठ त्यांचीच. वीस वर्षांत मीठ कमी पडलं किंवा जास्त झालं असं एकदाही झालं नाही. कोणी नवख्यानं विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असे.

"जीभ खोटारडी रायते, बाप्पा. तिले सोताच्या हातचं गोडच लागते. नाक कोनाचं नाही."

पुंजाजी हे त्यांचं खरं नाव नाही. का बदललं ते पुढे कळेल. मी खामगावच्या रस्त्यावरच्या एका गावात मंडप-बिछायतीचा धंदा करतो. लग्न असो, तेरवी असो की मारुतीचा भंडारा असो, मंडप माझा आणि भट्टी त्यांची, अशी आमची जोडी होती. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मला ते 'पोरगा' म्हणत, मी पन्नाशीला टेकलो तरीही.

माणूस उंच, काटक, हात लांब. पहिल्यांदा भेटणाऱ्याची नजर मात्र त्यांच्या चेहऱ्यावरच अडकायची. दोन्ही गाल आणि नाक लालभडक. जवळून पाहिलं तर त्या लालीत बारीक शिरांचं जाळं, मधूनच पुटकुळ्या. नाकाचा शेंडा जाड झालेला. डोळ्यांच्या कडाही लाल, सारखं पाणी. ऊन लागलं, गरम चहा घेतला, कोणाशी बाचाबाची झाली, की ती लाली कानापर्यंत पसरायची. गळ्यात कायम ओला दुपट्टा. दर अर्ध्या तासानं तो बादलीत बुडवून तोंडावर दाबून धरायचे.

पण आमच्या पंचक्रोशीत त्या लाल तोंडाला मान होता. सगळे धरून चालले होते की ती भट्टीची झळ आहे. जन्मभर आगीपुढे उभा राहिलेला माणूस असाच दिसणार. "भट्टी ज्याच्या तोंडावर, चव त्याच्या हातावर," असं बाया म्हणत. लग्न ठरलं की पोरीचा बाप विचारायचा, "लाल तोंडाचा आचारी भेटते का?" पुंजाजीभाऊंनाही तसंच वाटे. "धंद्याचा डाग हाये," म्हणत. "शिंप्याची पाठ वाकते, माहं तोंड भाजलं."

एकदाच गडबड झाली. एका लग्नात नवरदेवाकडचे कोणी पुण्याहून आले होते. त्यांनी भट्टीजवळ येऊन त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा माणूस प्यायलेला आहे का?" पुंजाजीभाऊंनी ऐकलं. झारा खाली ठेवला, सरळ त्या गृहस्थांसमोर येऊन तोंड उघडून उभे राहिले.

"घ्या वास. घ्या ना. सकाऊनपासून चहा बी नाही पेलो."

गृहस्थ ओशाळले. पंगतीत त्यांनी चार वेळा भाजी मागून घेतली. पुंजाजीभाऊ वाढप्याला म्हणाले, "पाहुन्याले तर्री जरा जपून दे. उद्या आपल्याच नावानं बोंबलतीन."

त्यांची एक गोष्ट मात्र फार थोड्यांच्या लक्षात यायची. कुठल्याही कार्यात, किती का घाई असेना, सगळ्यात आधी ते एका कोपऱ्यातल्या चुलीवर लहान गंज, म्हणजे पातेलं, चढवायचे. त्यात फिकं वरण. मुगाचं, हळद, मीठ, थोडं तूप, मिरचीचा दाणा नाही. ते त्यांना कोणी सांगितलेलं नसे. पंगत बसली की ते स्वतः वाटी घेऊन फिरायचे. कोण म्हातारी नुसता भात चिवडते आहे, कोणती बाळंतीण पोळी चुरून बसली आहे, हे त्यांना लांबून दिसायचं. "मावशी, हे घ्या. पोटाले लागनार नाही." एका तेरवीला आजारातून उठलेल्या एका म्हाताऱ्यानं ते वरण तीनदा घेतलं आणि त्यांचा हात धरून रडला. "दोन महिन्यानं पोटभर जेवलो बाबू," म्हणाला. पुंजाजीभाऊ हात सोडवून घाईघाईनं मंडपामागे निघून गेले. मला वाटलं, त्यांनाही रडू आलं असेल. तसं नव्हतं. त्यांना जायचंच होतं.

आता ते सांगतो. नव्या गावात गेलो की आचारी आधी पाणी पाहतो, मग जळण पाहतो. पुंजाजीभाऊ तिसरी एक गोष्ट पाहत. पहिली काही वर्षं मला कळलं नाही. मग एका उन्हाळ्यात, एका लग्नाच्या दिवशी, ते सकाळपासून सहा वेळा तांब्या घेऊन लांब शेताकडे जाऊन आले आणि सातव्या वेळी वाटेतच बाभळीला धरून बसले. मी धावत गेलो. घामानं डबडबलेले, तोंड लाल नव्हे, जांभळं.

"कोनाले सांगू नको, पोरगा," ते म्हणाले. "आचाऱ्याचं पोट खराब हाये म्हनल्यावर त्याच्या हातचं कोन खाईन?"

त्यांना वर्षानुवर्षं हा त्रास होता. पोट फुगायचं, कळ यायची, जुलाब थांबायचे नाहीत. तिखट तर लांबच राहिलं. म्हणून ते कार्यातलं काही खात नसत. जिभेनं चव न घेण्याचं कारणही तेच. घरून शांतावहिनी डबा द्यायच्या, त्यात दूध आणि मऊ पोळी. आमच्याकडे ज्वारीची भाकर रोजची आणि पोळी पाहुण्याला नाहीतर आजाऱ्याला. भाकर जड, पोळी हलकी, हे आम्ही आईच्या मांडीवर शिकलेले. जितकं पोट बिघडे तितकी वहिनी भाकर बंद करून पोळी वाढवायच्या. बिचाऱ्या कणिक दोनदा चाळून घ्यायच्या.

त्या दिवसापासून मी मंडप बांधताना मागच्या बाजूला चार बांबू आणि उरलेलं कापड लावून एक आडोसा करू लागलो. पाण्याचा ड्रम, तांब्या, साबण. त्याबद्दल आम्ही कधी एक शब्दही बोललो नाही. ते फक्त जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवत.

त्यांना डॉक्टरकडे मीच नेलं, तेही पोटासाठी नाही, तोंडासाठी. नाकावरच्या पुटकुळ्या पिकल्या होत्या आणि डोळे उघडत नव्हते. खामगावात चामडीच्या डॉक्टर मॅडम आहेत, तरुण, आवाज शांत. त्यांनी भिंगातून गाल पाहिले, पापण्या उलटून पाहिल्या आणि विचारलं, "पोट कसं आहे?"

पुंजाजीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, मी आधीच सांगून ठेवलं. "मॅडम, मी तोंड दाखवाले आलो, तुमी पोट काऊन इचारता?"

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "या लालीला रोझेशिया म्हणतात. भट्टीनं ती वाढते, पण भट्टीनं झालेली नाही. असा चेहरा असलेल्या माणसांमध्ये पोटाचे, आतड्यांचे आजार इतरांपेक्षा जास्त सापडतात. एकामुळे दुसरं होतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. ते अजून नीट उलगडलेलं नाही. पण असा चेहरा समोर आला की मी पोटाचं विचारतेच."

पुंजाजीभाऊंनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी सगळं सांगितलं, बाभळीसकट. मी बाहेर जायला उठलो तर म्हणाले, "बस. तुले काय नवं हाये?"

मॅडमनी तोंडाला लावायला मलम दिलं, ऊन, विस्तव आणि तिखट यांपासून लांब राहायला सांगितलं. "म्हनजे धंदाच सोडा म्हना ना!" पुंजाजीभाऊ म्हणाले. निघताना मीच दारात थांबून विचारलं, "मॅडम, हे कोणाला लागतं का?" त्या म्हणाल्या, "अजिबात नाही. भांड्यातून नाही, हातातून नाही, कशातूनही नाही." हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. ते पुढे लक्षात ठेवा.

त्यांनी चिठ्ठी दिली म्हणून आम्ही अकोल्याला पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासलं, घशातून नळी घालून आतड्याचा बारीक तुकडा काढला. निदान झालं, सिलिअॅक. सोप्या भाषेत, गव्हाशी आतड्याचं वैर. पोळी, बिस्कीट, रवा, काही चालणार नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ खुशाल खा. कणिक हाताला लागली तर हरकत नाही, पोटात जाऊ देऊ नका.

परत येताना ते मोटारसायकलवर मागे बसून हसत होते. मी वळून पाहिलं तर डोळ्यांतून पाणी येत होतं. पण ते तर त्यांच्या डोळ्यांतून नेहमीच यायचं.

"पाह्य बे," ते म्हणाले, "जन्मभर ज्याचे रोडगे भाजले, त्यानंच दगा देल्ला. आन आमी मिरचीले शिव्या देऊन राह्यलो होतो."

रोडगे म्हणजे गव्हाच्या जाडसर कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले. मारुतीच्या भंडाऱ्याला तेच लागतात आणि त्यात पुंजाजीभाऊंचा हात धरणारा कोणी नव्हता. गावाच्या वेशीत शिरताना त्यांनी मला गाडी थांबवायला लावली.

"गव्हाचं कोनाले सांगाचं नाही. रोडगेवाल्याले गहूच चालत नाही म्हनल्यावर लोक हासतीन. वचन दे."

मी दिलं.

भाकर सुरू झाली आणि पाच-सहा महिन्यांत त्यांच्या अंगावर मांस दिसू लागलं. आडोशाकडे जाणं कमी झालं. तोंडाची लाली पुरती गेली नाही, मॅडमनी तसं सांगितलंच होतं, पण पुटकुळ्या बसल्या. वहिनी मात्र महिनाभर रडत होत्या. "मीच चारलं हो भाऊजी, चाळून चाळून चारलं," म्हणायच्या. पुंजाजीभाऊ त्यांना म्हणायचे, "तुह्या हातचं इख बी मऊ होतं, शांते."

इथपर्यंतचं मी कोणालाही, कितीही वेळा, तोंड वर करून सांगू शकतो.

त्या वर्षीच्या भंडाऱ्याची बैठक देवळाच्या ओसरीत भरली. भंडारा गणपतआप्पांच्या शब्दावर चाले. ते ऐंशीच्या घरातले, तालेवार, पण न्यायी. माझा मेहुणा राजूही आला होता. त्यानं नुकतंच केटरिंग सुरू केलं होतं आणि भंडाऱ्याचं काम त्याला हवं होतं. त्यात गैर काही नव्हतं. त्यानं सरळ सवाल टाकला.

"आप्पा, राग नका मानू. पन जो आचारी सोताच्या हातचं खात नाही, डबा घरून आनते, त्याच्या हातचं लोकायनं काऊन खाव?"

हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं, विचारलं कोणी नव्हतं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू त्याच्या संगं रायतो. सांग बे, काऊन खात नाही तो?"

मला त्यांचा बचावच करायचा होता. गव्हाचं सांगायचं नाही, हे वचन. रोझेशिया म्हटलं असतं तर ओसरीवर कोणाला कळलं असतं? मी सोपा शब्द शोधला. आमच्याकडे पित्त झालं, तोंड आलं, लघवीला जळजळलं, सगळ्याला एकच शब्द आहे. पोराला झाली की आई सब्जा भिजवून देते, तीच. त्यांचं गुपित होतं, म्हणून मी आवाज खाली घेतला.

"आप्पा, त्याईले गरमी हाये."

"गरमी?"

"हाव."

"कवापासून?"

"लय वर्सं झाली. तोंडावर दिसतेच ना."

"डाक्टरले दाखोलं?"

"मीच नेलं होतं खामगावले."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बायकोले बी हाये का?"

"वहिनीले? तिले कशाची? तिले काही नाही."

"नशीब त्या बाईचं," आप्पा म्हणाले आणि गोवऱ्यांचा विषय काढला.

मला वाटलं, वेळ निभावली.

आप्पांच्या पिढीत गरमी या शब्दाचा दुसरा अर्थ पहिला आहे. बाहेरख्याली माणसाला नको त्या ठिकाणाहून लागणारा रोग. त्याचं नाव चारचौघांत घ्यायची वेळ आली की लोक आवाज खाली घेतात. मीही घेतला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या बायकोनं ताट वाढता वाढता म्हटलं, "पुंजाजीभाऊ असे असतीन असं वाटलं नव्हतं बाई."

"कसे?"

"आता माह्या तोंडून वदवता काय? तुमीच तं सांगतलं आप्पाले. हापशीवर बाया बोलून राह्यल्या, म्हने लाल तोंड काही भट्टीचं नाही. देवाचे रोडगे त्या हातानं... शी!"

घास माझ्या हातातच राहिला. मी तिला खरं सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली. "मंग जा ना, अहो. आत्ताच्या आत्ता जा आप्पाकडं."

मी उठलो. चपला घातल्या. देवळापर्यंत गेलोसुद्धा. तिथे मला वचन आठवलं. गरमी म्हणजे ती नव्हे, हे सांगायचं तर मग कोणती, हे सांगावं लागेल. म्हणजे गहू सांगावा लागेल. आधी पुंजाजीभाऊंना विचारू, असं मी ठरवलं आणि माघारी फिरलो. त्यांच्या घरावरूनच रस्ता होता. मी त्या रस्त्यानं आलो नाही, मागच्या बोळातून आलो. मी वचनाला जपत होतो की स्वतःला, हे मी तेव्हा तपासलं नाही. संध्याकाळी राजूचा फोन आला. "दाजी, भंडारा आपल्याले भेटला! आता मंडप तुमचा, जेवन माहं. लग्नं बी अशीच घेत जाऊ." मी म्हणालो, बरं.

त्या 'बरं'नंतर दर दिवशी सांगणं अवघड होत गेलं. राजूचं काम वाढलं, त्याच्यासोबत माझंही. ठरलेली दोन लग्नं पुंजाजीभाऊंच्या हातून गेली, मग तिसरं. तोंडावर कोणी काही म्हणत नसे. "यंदा पोरायले बुफे पाह्यजे," म्हणत. ज्या लाल तोंडाला बघून लोक सुपारी द्यायचे, तेच तोंड आता पुरावा झालं होतं.

भंडाऱ्याच्या आठ दिवस आधी ते माझ्याकडे आले. मी अंगणात मंडपाच्या दोऱ्या गुंडाळत होतो.

"यंदा भट्टी कुठी लावतो राजू?"

"पिंपळाखाली म्हने."

"वारा उगवतीकडून हाये यंदा. आडवी लाव म्हना, नाहीतं धूर पंगतीत जाईन."

मी मान हलवली. ते उभेच राहिले. दुपट्टा तोंडावरून फिरवला. दोरी कशी गुंडाळतो ते पाहत राहिले.

"आनखी काही सांगाचं हाये का तुले?"

"नाही, भाऊ."

"बरं," म्हणाले आणि गेले.

नंतर एकदा वहिनी आल्या. हळदीकुंकवाला कोणी बोलवत नव्हतं. एका घरी त्यांनी पाणी प्यायलेला पेला बाईनं त्यांच्यादेखत राखेनं तीनदा घासला होता. दारातच उभं राहून त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमी सोबत होते ना डॉक्टरकडं? मॅडम काय म्हनल्या, ते तुमीच आयकलं. एक डाव चार बायांत येऊन सांगा. आमचं कोन आयकते?"

"पाहतो, वहिनी," मी म्हणालो.

पाहतो. त्यावर त्यांनी मला नमस्कार केला. माझ्याहून मोठ्या बाईनं.

मी पाहिलं नाही. वर्षभरानं ती दोघं घराला कुलूप लावून खामगावला गेली, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं हीच मी केलेली सगळ्यात वाईट गोष्ट आहे, असं मला आता वाटतं.

आणखी दोन वर्षं गेली. गणपतआप्पा वारले. त्यांच्या तेरवीला राजूच्या माणसांनी वाढलेल्या पंगतीत एक म्हातारी नुसता कोरडा भात गिळत होती. मला ते पाहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खामगावला निघालो. पुंजाजीभाऊ एका जिनिंग कारखान्याच्या फाटकावर दिवसपाळीला चौकीदार आहेत, एवढं कानावर होतं.

खाकी शर्ट, स्टुलावर बसलेले. हंगाम होता, कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. तोंडाची लाली बरीच उतरली होती, नाक मात्र तसंच. मला पाहून ते उठले नाहीत, रागावलेही नाहीत. बाजूच्या दगडाकडे बोट दाखवलं. मी बसलो. वहिनी कशा आहेत विचारलं. "बरी हाये," म्हणाले.

"भाऊ, मले काही सांगाचं हाये."

"सांग."

मी सांगितलं. ओसरी, राजू, आप्पा, तो शब्द, सगळं. सांगताना माझा आवाज पुन्हा खाली गेला.

"मले मालूम हाये," ते म्हणाले. "त्या रोजी मी देवळातच होतो, भांड्याच्या खोलीत. गंज काढून राह्यलो होतो. मधातली भिंत केवढीशी हाये, तुले मालूम हाये."

"मंग तवाच बाहीर काऊन नाही आले?"

"काऊन येऊ? तू वाईटानं नाही बोलला, हे मले समजलं होतं. शब्द घसरते मानसाचा. मी म्हनलं, पोरगा आज ना उद्या जाईन आन सांगीन. मी सोता सांगतलं असतं तं लोक म्हनले असते, आपली झाकून राह्यला. तू सांगतलं असतं तं आयकलं असतं. तुह्या घरी आलो, तवा बी तुह्या तोंडाकडंच पाहून राह्यलो होतो."

"तुमीच वचन घेतलं होतं ना, भाऊ, गव्हाचं..."

"वचन कोनाले देलं होतं? मलेच ना? मंग माह्याजवळ याचं होतं. भाऊ, सोडू का वचन, एवढंच इचाराचं होतं." त्यांनी स्टूल सावलीत सरकवलं. "सोड म्हनलो असतो. हासले असते लोक चार दिवस. हासू देले असते."

"मी आता सांगतो," मी म्हणालो. "यंदाच्या भंडाऱ्यात. माईकवरून. सगळ्याईसमोर."

"नको."

"पन भाऊ..."

"नको म्हनलं ना. लोक आता इसरले. तू माईकवर गेला तं ज्याईले मालूम नाही त्याईले बी मालूम होईन. पह्यले गरमी आयकतीन, मंग तुहा खुलासा. खुलासा पुरा कोन आयकते? तुले हलकं वाटन, ते खरं हाये. पन त्याच्यासाठी माह्या बायकोले आनखी एक डाव गावाच्या तोंडात नको देऊ."

म्हणून मी हे असं लिहितो आहे, नाव बदलून, गाव न सांगता. हे तरी त्यांना चाललं असतं का, मला माहीत नाही. याही वेळी मी विचारलेलं नाही.

बोलणं संपलं होतं. ऊन चढलं, जेवणवेळ झाली. आमच्या भागात त्या वेळेला दारात आलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारतात, वैऱ्यालाही. मी तो प्रश्न येईल म्हणून दगडावर बसून राहिलो. तेवढ्यात रांगेतली पुढची गाडी फाटकाशी आली. पुंजाजीभाऊ उठले, साखळी काढली. स्टिअरिंगवर एक अनोळखी, धुळीनं माखलेला, परमुलखातला ड्रायव्हर होता. त्याच्याकडे त्यांनी मान वर करून पाहिलं.

"काऊन बे, तोंड सुकलं तुहं. जेवला का?"

ड्रायव्हरनं मान हलवली. नाही.

"चाल, गाडी लाव आत. भाकर हाये माह्याजवळ."

गाडी आत गेली. तिच्यामागोमाग ते गेले आणि जाताना त्यांनी फाटक ओढून घेतलं.